एकतीस पेपर आणि एक

मधुमती वैशंपायन नोकरीत नेमकं काय करतात, हे त्यांच्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सिंगापूरहून पुण्याला गेल्या, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं. मधुमतीबाईंनी होईल तितकं सोपं करून सांगितलं. डॉक्टर लोक संशोधन करतात, त्याचे पेपर छापून येतात. पेपर लिहिताना आपल्या आधी कुणी काय शोधलं ते नाव घेऊन सांगावं लागतं, त्याला सायटेशन म्हणतात. कुणाचं नाव किती जणांनी घेतलं, ते मी मोजते.

"अगं, मग हे उखाणेच झाले," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते मोजायचा पगार देतात?"

"देतात."

"मग सोडू नकोस हो."

मधुमतीबाईंनी अठरा वर्षं सोडली नाही. शेवटी नोकरीनेच त्यांना सोडलं, तेही एका इथिओपियन डॉक्टरीणबाईंच्या पायी. अर्थात असं म्हटलेलं ऐकलं तर मधुमतीबाई भांडायला येतील. त्यांच्या मते जे झालं ते त्यांच्या स्वतःच्या चुकीपायी झालं. आणि ती चूक आपल्याच नावावर राहावी म्हणून त्या ज्या हट्टाने भांडल्या, तितक्या हट्टाने लोक वडिलोपार्जित हिश्शासाठीही भांडत नाहीत.

सिंगापूरच्या यिशुन भागात चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. नवरा हरीश बँकेत होता, आता निवृत्त होऊन सकाळ-संध्याकाळ तळ्याभोवती फेऱ्या मारतो. मुलगी इरा शाळेत रुळली तेव्हा, पंचेचाळिसाव्या वर्षी, मधुमतीबाईंनी एका वैद्यकीय संशोधन संस्थेत नोकरी धरली. संस्थेत सहाशे संशोधक. जगभर छापून आलेले पेपर एक सॉफ्टवेअर गोळा करून समोर टाकतं आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न विचारतं: ‘ही तीच व्यक्ती आहे का?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही. मधुमतीबाई ती बटणं दिवसाला दोनशे वेळा दाबत. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकाच नावाचे सव्वीस चिनी संशोधक त्यांनी पत्त्यांवरून आणि सहलेखकांवरून तांदूळ निवडावेत तसे वेगळे काढले होते.

काम शिकताना पहिल्याच आठवड्यात त्यांना स्वतःचं नाव घालून बघायला सांगितलं होतं. ‘पूर्वीचं नाव’ अशी एक चौकट होती. मधुमतीबाईंनी त्यात टाइप केलं, निशिगंधा दामोदर लेले. हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अंगठीने ‘मधुमती’ लिहिलं गेलं, कारण सासूबाईंना सुनेला रात्रीचं नाव नको होतं. बाप बदलला, आडनाव बदललं, स्वतःचं नावसुद्धा बदललं. माणूस तेवढं तेच राहिलं. तर त्या नावाला सॉफ्टवेअरने क्षणात एक पेपर आणून दाखवला. पुण्यातल्या विहिरींच्या पाण्यातले जंतू, साल १९८५. उल्लेख सात. एम.एस्सी.ला असताना सायकलवरून बत्तीस विहिरी पालथ्या घालून केलेलं ते काम. ‘ही तीच व्यक्ती आहे का?’ शिकवणाऱ्या बाई शेजारी बसल्या होत्या. इथे सातशे उल्लेखवाल्यांनाही कुणी विचारत नाही, आपल्या सातांचं काय कौतुक, असं मधुमतीबाईंना वाटलं. लाज वाटली, खरं तर. त्यांनी ‘नाही’ दाबलं आणि पुढचा धडा घेतला.

अशी अठरा वर्षं गेली. बाई त्रेसष्टच्या झाल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे त्या वयानंतर दरवर्षी नवा करार होतो, त्याला री-एम्प्लॉयमेंट म्हणतात. त्यांचा मार्चमध्ये व्हायचा होता. जानेवारीतल्या एका गुरुवारी डॉक्टर सेलामाविट त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

सेलामाविट म्हणजे शांतीवाली, हे मधुमतीबाईंना नंतर कळलं. त्या दिवशी बाई शांत नव्हत्या. सत्तेचाळिशीच्या, उंच, नवजात बाळांच्या डॉक्टर. चार वर्षांपूर्वी इथिओपियातल्या गोंदर शहरातून संस्थेत आल्या होत्या. त्यांनी एक छापील कागद टेबलावर ठेवला.

"हा तुम्ही केलात?"

"हो," मधुमतीबाई म्हणाल्या. "तपासलेला आहे."

"वोल्देमरियम, एस. चौदा पेपर, दोनशे शहाऐंशी उल्लेख." डॉक्टरांनी ओळीवर बोट ठेवलं. "वोल्देमरियम माझे आजोबा. जव पेरायचे. सही येत नव्हती, अंगठा उठवायचे. आपल्या नावावर चौदा पेपर आहेत म्हटल्यावर म्हातारा खूश झाला असता. पण माझे एकतीस कुठे आहेत?"

"कुठले एकतीस?"

"एस. तेस्फाये."

एस. तेस्फाये मधुमतीबाईंना चांगली आठवत होती.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांची नोंद त्यांनीच केली होती. पासपोर्टवर नाव होतं सेलामाविट तेस्फाये वोल्देमरियम. मधुमतीबाईंनी ते बघितलं आणि क्षणभरही न थांबता आपल्या घरच्यासारखं वाचलं. पहिलं स्वतःचं, मधलं बापाचं, शेवटचं आडनाव. वोल्देमरियम या आडनावाखाली एक रास लावली. मग एस. तेस्फायेचे एकतीस पेपर आले. बापाच्या नावाने कोण पेपर लिहितं? ही दुसरीच कुणी असणार, तेस्फाये आडनावाची. नाही. नाही. नाही. एकतीस वेळा नाही. एखाद्या गोऱ्याने किंवा चिन्याने निदान विचारलं तरी असतं. मराठी माणसाला विचारायची गरजच वाटत नाही, कारण मधलं नाव म्हणजे काय हे त्याला पाळण्यापासून ठाऊक असतं.

आणि बापाचं नाव हे अगदी बरोबर होतं. गोम पुढे होती.

"आमच्यात आडनाव नसतंच," डॉक्टर म्हणाल्या. "मी सेलामाविट, तेस्फायेची. डॉक्टर म्हणून सही तीच. पासपोर्टच्या फॉर्मवर तीन रकाने होते, म्हणून आजोबा आले. इथे आल्यावर तुम्ही मला ईमेल आजोबांच्या नावाने दिलात, मग पेपरही त्यांच्या नावाने निघाले."

"आणि लग्न झाल्यावर?"

"लग्न झाल्यावर काय? लग्न झालं म्हणून माझा बाप कसा बदलेल?"

मधुमतीबाईंना यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांनी तो कागद जवळ ओढला.

"दोन वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, काहीतरी चुकतंय म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "उत्तर आलं, सर्व नोंदी तपासलेल्या आहेत. खाली नाव होतं एम. वैशंपायन. मला वाटलं, असेल. आमच्याकडच्या कामाची मोजदाद कुणी धड करत नाही, त्याची सवय झालीय. आता मात्र पुढच्या बुधवारी समिती बसतेय. मला कायम करायचं की नाही ते ठरवणार आहेत. नाही म्हणाले तर जूनला करार संपेल, इथे राहायचा पास संपेल, आणि तीन देशांत चाललेला माझा अभ्यास अर्ध्यात बंद पडेल. दोनशे शहाऐंशी उल्लेखांवर कोण हो म्हणेल?"

कुणीच म्हणणार नव्हतं, हे मधुमतीबाईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? समितीतले लोक वाईट नव्हते. पण त्यांच्यापुढे चाळीस फायली असत, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर मधुमतीबाईंनी काढलेला आकडा.

"बसा," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी निस्तरते."

सांगणं सोपं होतं. निस्तरायला परवानगी लागत होती, आणि ती धैर्यशीलकडे होती.

धैर्यशील त्यांचा साहेब. बेचाळिशीचा, पुण्याचाच, बोलायला गोड, दिवाळीला घरी फराळ घेऊन येणारा. पण नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आयुष्यात त्याने धैर्य म्हणून काही केलं असेल तर ते पुंगोलला फ्लॅट घेणं. मधुमतीबाईंनी सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी उठून दार लावलं.

"ताई, फाइल काल लॉक झाली."

"लॉक झाल्यावरही बदल करता येतो. ज्याने तपासलं त्याने चुकीची लेखी कबुली द्यायची, तू सही करायची, आणि ते समितीपुढे ठेवायचं. नियम मीच टाइप केलाय."

"करता येतो हो. पण कबुली दिली की प्रश्न निघणार, अजून किती चुका आहेत? चार वर्षांचे आकडे आपण बाहेर दिलेत. सगळे पुन्हा तपासा म्हणाले तर?"

"तर तपासू."

"त्यापेक्षा असं करू या. पुढच्या वर्षीच्या नोंदीत गुपचूप दुरुस्त करू."

"पुढच्या वर्षी ती इथे नसेल."

सुंठीवाचून खोकला जात असेल तर धैर्यशीलला नको कशाला होतं? मधुमतीबाईंनी ते त्याच्या तोंडावर वाचलं, आणि त्यांचं डोकं तापलं.

"बरं, मग सॉफ्टवेअरची चूक म्हणून लिहा," तो म्हणाला. "कुणाच्या अंगावर येत नाही. तुमच्याही नाही. ताई, मार्चमध्ये तुमचं री-एम्प्लॉयमेंट आहे, मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"सॉफ्टवेअरची म्हटलं की तक्रार कंपनीकडे जाणार. कंपनी तीन महिने घेणार. समिती बुधवारी आहे."

"म्हणून काय स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

"धैर्यशील, सॉफ्टवेअरने मला विचारलं होतं, ही तीच व्यक्ती आहे का. एकतीस वेळा विचारलं. नाही मी म्हटलं. आता त्याच्यावर ढकलू? ते बिचारं यंत्र असून विचारतं, आणि मी माणूस असून नाही विचारलं. चूक माझी आहे आणि ती माझीच राहील. तू फक्त सही कर."

"मला विचार करू द्या."

"सोमवारी सकाळपर्यंत कर. नाहीतर मी कबुली थेट समितीच्या अध्यक्षांना पाठवेन. तेही नियमात बसतं."

आपण असं बोललो, हे घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बसल्यावर मधुमतीबाईंच्या ध्यानात आलं. तीन दशकं इथे काढली, पण या देशात कुणावर आवाज चढवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. भीती वाटत होती, आणि मजाही वाटत होती.

शनिवारी सकाळपासून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्या बसल्या होत्या. इरा सेंगकांगहून दुपारचं जेवायला आली होती. हरीश कॉफी घेऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "मधु, हात दाखवून अवलक्षण कशाला? चार महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं."

"तिच्या राहिलं असतं."

"पण एवढं अंगावर घ्यायचं म्हणजे—"

"मम्मा, यू सो गरंग फॉर वॉट?" इरा म्हणाली. गरंग म्हणजे इथल्या मलय बोलीत तिखट, लढाऊ. "जस्ट से द सिस्टिम गॉट प्रॉब्लेम लाह. एव्हरीबडी डू दॅट."

"तेच तर. सगळे तेच करतात. तू वाढून घे, आमटी गार होतेय."

एकतीस पेपर, आणि प्रत्येकासाठी एक पुरावा हवा होता. जुना पत्ता, रुग्णालयाचं पत्र, सहलेखकाची साक्ष, काहीतरी. समिती म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असला कारभार. डॉक्टर सेलामाविट फोनवर होत्या. त्यांनी गोंदरला भावाला उठवून घरातल्या ट्रंका उघडायला लावल्या होत्या. तो एकेका कागदाचा फोटो पाठवत होता. हरीशने थोडा वेळ वर्तमानपत्र वाचायचं नाटक केलं आणि मग चष्मा लावून पत्ते मोठ्याने वाचून दाखवायला लागला. बँकेतली सवय, एक अक्षर चुकायचा नाही.

दुपारी चारपर्यंत तीस झाले. उरला तो सर्वांत जुना, सर्वांत जास्त नाव घेतला गेलेला. त्याचा पुरावा शोधताना मधुमतीबाईंनी तो पहिल्यांदा वाचला. अठरा वर्षं त्यांनी पेपर मोजले होते, वाचले नव्हते. हलवायाने मिठाई खाऊ नये तसं.

पेपर अंधाऱ्या खोलीबद्दल होता. गोंदरच्या आसपासच्या खेड्यांत बाळ-बाळंतिणीला कित्येक दिवस अंधारात ठेवतात, वारं लागू नये, नजर लागू नये म्हणून. बाळाला कावीळ झाली तरी अंधारात दिसत नाही, आणि सावळ्या कातडीवर तर उजेडातही पटकन दिसत नाही. दिसेपर्यंत उशीर होतो. बाळ वाचलं तरी बहिरं होतं, नाहीतर वाचतच नाही. सव्वीस वर्षांची डॉक्टर सेलामाविट घरोघर फिरली होती. सहाशे बारा बाळं. आयांना तिने अंधार सोडा म्हणून उपदेश केला नाही, कारण कुणी ऐकलं नसतं. तिने एवढंच सांगितलं, की रोज सकाळी एकदा बाळाला उंबरठ्यापर्यंत आणा, खालच्या हिरडीवर बोट दाबून सोडा, आणि दाबलेली जागा पांढरी दिसते की पिवळी ते बघा. पिवळी दिसली तर दवाखान्यात या. एवढंच. त्या वर्षी त्या खेड्यांतून दवाखान्यात वेळेवर आलेली बाळं आदल्या वर्षीच्या तिप्पट होती.

मधुमतीबाईंना आपल्या आईकडची अंधारी बाळंतिणीची खोली आठवली. इराच्या जन्माच्या वेळची. खिडकीला चादर लावलेली, कोपऱ्यात शेगडी.

त्यांनी या पेपरचं नाव कुणी कुणी घेतलंय ती यादी उघडली. मालावी. पापुआ न्यू गिनी. नेपाळ. आणि मध्येच, नंदुरबार. सातपुड्यातल्या आशाताईंना बाळाची हिरडी कशी दाबायची ते शिकवलं, असा एक छोटा पेपर, दोन मराठी नावांचा. शेवटी ‘तेस्फाये आणि सहकारी यांच्या पद्धतीनुसार’.

"हरीश, हे बघ," त्या म्हणाल्या. "आपल्या नंदुरबारात तिचं नाव घेतात. आणि मी म्हटलं, ही ती नव्हेच."

हरीशने वाचलं. इरानेही खांद्यावरून वाचलं.

"ओके," इरा म्हणाली. "ओके मम्मा. गो फाइट."

तो एकतिसावा पुरावा सोमवारी पहाटे आला. पेपरवर ज्याचा पत्ता होता ते खेड्यातलं आरोग्य केंद्र बंद होऊन दहा वर्षं झाली होती. पण तिथली सिस्टर, त्या पेपरची दुसरी लेखिका, जिवंत होती आणि खमकी होती. तिने हाताने लिहून पाठवलं: ‘माझ्याबरोबर सहाशे बारा घरं चाललेली मुलगी सेलामाविट तेस्फाये हीच. तिच्या चपला तीनदा तुटल्या. शंका असेल त्याने इथे यावं.’

धैर्यशीलने सही केली. आपण सही केली नाही तर बाई खरंच वर जातील, एवढं त्याला कळत होतं. सही करताना तो म्हणाला, "नंतर मला बोल लावू नका."

"तुला कशाला लावू? बोल माझा आहे," मधुमतीबाई म्हणाल्या.

बुधवारी समितीने त्यांना आत बोलावलं. असं आधी कधी झालं नव्हतं. आकडे काढणाऱ्या बाईला आत कोण बोलावतं? लांब टेबलाभोवती सात जण होते. अध्यक्ष एक चिनी प्राध्यापिका होत्या, केस पांढरे, आवाज हळू. त्यांच्यापुढे दोन कागद होते, जुना आणि नवा. नव्यावर पंचेचाळीस पेपर, दोन हजार एकशे चाळीस उल्लेख.

"मिसेस वैशंपायन," अध्यक्ष म्हणाल्या, "चार वर्षं तुम्ही सही करून सांगितलंत की हे पेपर त्यांचे नाहीत. आता सही करून सांगताय की आहेत. दोन्ही सह्या तुमच्याच. आम्ही दुसऱ्या सहीवर विश्वास का ठेवावा?"

प्रश्न रास्त होता. मधुमतीबाईंनी उत्तर पाठ करून आणलं होतं, पुरावे क्रमांक एक ते एकतीस. ते त्यांना एकदम बेचव वाटलं.

"कारण पहिल्या वेळी मी कुणाला विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मला माहीत आहे. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं आणि शेवटचं आडनाव, म्हणून सगळ्या जगात तसंच असणार. ही माझी चूक. सॉफ्टवेअरची नाही, माझ्या साहेबांची नाही, डॉक्टरांची तर अजिबात नाही. त्यांनी दोन वर्षांपूर्वी पत्र लिहून सांगितलं होतं आणि मी ठरलेलं छापील उत्तर पाठवलं. या वेळी मी विचारलं. त्यांना विचारलं, त्यांच्या भावाला विचारलं, एका सिस्टरला विचारलं. तिचं पत्र तुमच्यापुढे आहे."

"तरी तुम्हाला खात्री कशी?" टोकाला बसलेल्या एकाने विचारलं. "नावं सारखी असू शकतात."

मधुमतीबाई त्याच्याकडे वळल्या. त्यांना राग आला होता, आणि तो लपवावा असं त्यांना वाटेना.

"सर, माझं लग्न झालं तेव्हा माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही बदलली. एका दुपारी. त्याआधी मी एक पेपर लिहिला होता. या सॉफ्टवेअरने मला विचारलं, ही तीच व्यक्ती आहे का? मी नाही म्हटलं. स्वतःलाच. त्यामुळे चुकीचं ‘नाही’ कसं दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. या बाईंनी आपलं नाव एकदाही बदललेलं नाही. बदललं आपण. पासपोर्टवरचं तिसरं नाव आडनाव समजून. तुम्हाला त्यांना कायम करायचं नसेल तर करू नका, तो तुमचा अधिकार. पण मग त्यांचं काम वाचून नाही म्हणा. माझी चूक वाचून नाही म्हणू नका."

अध्यक्षांनी चष्मा काढून सिस्टरचं पत्र पुन्हा हातात घेतलं. "तीनदा चपला तुटल्या," त्या हळूच म्हणाल्या आणि पत्र शेजारच्याकडे सरकवलं. "थँक यू, मिसेस वैशंपायन. तुम्ही जाऊ शकता."

नऊ दिवसांनी डॉक्टर सेलामाविट पुन्हा टेबलापाशी आल्या. या वेळी हातात कागद नव्हता, थर्मास होता. त्यांच्याकडे कॉफी तीनदा ओततात आणि पाहुण्याने तिसरा कप झाल्याशिवाय उठायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. पहिला कप होईपर्यंत त्यांनी बातमी दिलीच नाही. मग म्हणाल्या, "कायम केलं." आणि मधुमतीबाई, ज्यांनी समितीपुढे पापणीही लवू दिली नव्हती, त्या ऑफिसात सगळ्यांदेखत रडल्या.

"तुमच्या तीन नावांची गोष्ट मला अध्यक्षांनी सांगितली," दुसऱ्या कपाला डॉक्टर म्हणाल्या. "आधीचं काय होतं?"

"निशिगंधा."

"कुणाची?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "दामोदरची," मधुमतीबाई म्हणाल्या.

"निशिगंधा दामोदर," डॉक्टरांनी म्हणून बघितलं. "छान आहे. तिसरा कप घ्या."

मार्चमध्ये पत्र आलं. विभागाची पुनर्रचना होत असल्यामुळे री-एम्प्लॉयमेंट शक्य नाही, आपल्या सेवेबद्दल आभार. कुणी कुणावर ठपका ठेवला नव्हता. इथे असल्या गोष्टी फार सभ्यपणे होतात. मधुमतीबाईंना वाईट वाटलं. अठरा वर्षांची सवय, तो बसचा थांबा, खिडकीतून दिसणारा पर्जन्यवृक्ष. वाईट वाटलं, पण पश्चात्ताप त्यांनी शोधून पाहिला तरी सापडेना. धैर्यशीलने केक आणला, भाषण केलं, आणि सगळे पांगल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस खरं," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. सगळ्या जुन्या नोंदी तपासायची यादी तुझ्या टेबलावर ठेवलीय. आडनाव नसलेली एकोणीस माणसं आहेत संस्थेत. इथिओपियन, तमिळ, मलय, ब्रह्मदेशी. प्रत्येकाला जाऊन विचार."

ओळखपत्र पाच वाजता परत द्यायचं होतं. पावणेपाचला मधुमतीबाईंनी शेवटचं म्हणून सॉफ्टवेअर उघडलं. स्वतःचं नाव घातलं. ‘पूर्वीचं नाव’ या चौकटीत लिहिलं, निशिगंधा दामोदर लेले.

विहिरी आल्या. १९८५. त्याखाली तोच प्रश्न, अठरा वर्षांत एक अक्षर न बदललेला. ‘ही तीच व्यक्ती आहे का?’

त्यांनी ‘हो’ दाबलं.

उल्लेख सात नव्हते, नऊ होते. मधल्या काळात कुणीतरी दोघांनी त्यांचं नाव घेतलं होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता. घड्याळात अजून बारा मिनिटं होती. ते दोघं कोण, हे बघायला मधुमतीबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.